दर समक्ष

"समजून द्या."

हे दोन शब्द आजही मला कुणाच्या तोंडून ऐकवत नाहीत. गवंडी म्हणो, भटजी म्हणो, ट्रकवाला म्हणो, मला त्याची गचांडी धरून विचारावंसं वाटतं, अरे बाबा, काय समजून देऊ? तुझं तू सांग की! पण मी कोणत्या तोंडानं विचारणार? चांगली तीन वर्षं मीच हे दोन शब्द गिऱ्हाइकाला म्हणत होतो. हात चोळत, मान वाकडी करून, ओशाळं हसत. गिऱ्हाइकांनी भांग पाडावा म्हणून दुकानात आरसा टांगला होता, त्यात एकदा ते हसू मला दिसलं. शी! स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं.

दुकान म्हणजे पिंपरीत निर्वासितांच्या कॅम्पाच्या कडेला एक पत्र्याची खोली. पुढच्या भागात एक स्टूल आणि मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि कुठंच न जाणारा एक जिना. मागच्या भागात गोणपाट आणि काळं कापड ठोकून केलेली अंधारखोली. औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता. कोकणातली, मराठवाड्यातली पोरं नोकरीला येत होती आणि पहिला पगार झाला की घरी पाठवायला फोटो काढून घेत होती. कॅमेरा मी पुण्याहून आणला होता, जुना, तीन पायांचा, काळ्या फडक्याचा. पुण्याच्या एका स्टुडिओत मी पाच वर्षं फोटोच्या काचेच्या प्लेटा धुतल्या होत्या, तिथल्या मालकानं जाताना तो मला स्वस्तात दिला.

पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, "दर काय लिहू?"

तो ब्रश धरून उभा, मी त्याच्याकडे बघत उभा. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "मग 'दर समक्ष' लिहितो. फार वेळ नाही मला." आणि लिहिलं. समक्ष! समक्ष तर मला आणखीच बोलता येत नव्हतं.

लोकांना वाटायचं, मी भिडस्त आहे. भिडस्त कसला? माझा माझ्या कामावरच विश्वास नव्हता. कॅमेऱ्याची टोपी काढायची, मनात तीन आकडे मोजायचे, टोपी परत घालायची. एवढ्याचे पैसे? ऊन देवाचं, तोंड गिऱ्हाइकाचं, काच आणि कागद बाजारातला. मग माझं काय? पुण्याच्या मालकानं काढलेला फोटो आणि माझा फोटो शेजारी ठेवून मी रात्ररात्र बघत बसायचो. त्यांचा माणूस जिवंत वाटायचा, माझा फाशीची शिक्षा ऐकून आल्यासारखा.

आणि त्याच्याही मागे होते आमचे आबा.

आबा म्हणजे माझे वडील, महाळुंग्याचे न्हावी. तेव्हा महाळुंगं म्हणजे ज्वारी, कांदा आणि धूळ. सगळ्या गावाची डोकी आणि दाढ्या आबांकडे, आणि त्याचं बलुतं वर्षातून एकदा खळ्यावर. धान्याची रास पडली की आबा पोतं घेऊन जायचे, मला बरोबर न्यायचे. त्यांची एकच शिकवण होती, "पोतं उघडं धरायचं, त्वांड बंद ठिवायचं." समोर थोरले पाटील बाजेवर बसलेले असायचे. माप ते स्वतः टाकायचे नाहीत, नुसतं बघायचे. त्यांची नजर आबांच्या तोंडावर कधीच नसायची, ती असायची पोत्याच्या तोंडावर. कधी दोन पायल्या पडायच्या, कधी तीन. का दोन, का तीन, ते विचारायचं नाही. जे पडेल त्याला आबा वाकून रामराम घालायचे. मी कॅमेरा घेतला तो त्या पोत्यातून सुटायला. आणि सुटून कुठं आलो, तर 'समजून द्या'वर. घ्या!

माझ्या शेजारी कॅम्पातली एक सिंधी म्हातारी पापड विकायला बसायची. सगळे तिला अम्मा म्हणायचे, मीही. घरदार, शेती, माणसं, सगळं पलीकडे टाकून आलेली बाई. तिच्याकडे एक चटई, एक टोपली आणि एक भाव होता. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की म्हणायची, "चार आना. लेना है तो लो, नहीं तो धूप में क्यों खड़े हो?" माझं 'समजून द्या' कानावर पडलं की ती कपाळाला हात लावायची. पोरं आठ आणे टेकवून निघून जायची आणि अम्मा मला ऐकू जाईल अशी पुटपुटायची, "भिकारी भी मुँह से माँगता है."

असं चाललेलं असताना वैशाखात महाळुंग्याहून पाटील आले. हे थोरल्या पाटलांचे चिरंजीव, आता कारभार यांच्याकडे. चाकणच्या बाजारात कांद्याचं मोठं काम, पायात करकरणारं नवं पायताण. मुलीचं लग्न निघालं होतं.

"फोटू काडाया येशील न्हवं? गावचाच हाईस."

"येईन की."

"काय घेशील?"

आता अहो, माणूस स्वतःहून विचारतोय! पुण्याचा मालक लग्नाला जायचे पन्नास घेतो हे मला ठाऊक होतं. पन्नास नाही तर तीस म्हण, वीस म्हण. पण माझ्यासमोर पाटील उभे नव्हतेच, खळं होतं.

"तुमच्यापुढं काय बोलायचं पाटील. समजून द्या."

कॅमेरा सायकलला बांधून मी इंद्रायणी ओलांडून महाळुंग्याला गेलो. दिवसभर उन्हात राबलो. व्याही, विहिणी, करवल्या, नवा बैलगाडा, बैलांची जोडी, सगळ्यांचे फोटो काढले. मांडवाच्या दाराशी घरच्यांचा एक गट बसवला, मध्ये थोरले पाटील. ऐंशीच्या पुढचे, तोंडात तंबाखूचा बार. मी कॅमेऱ्याची टोपी काढली आणि नेमका त्याच वेळी म्हाताऱ्यानं एक डोळा मिटला. दुसरी प्लेट खर्चायची माझी छाती झाली नाही.

जेवणं झाली. पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी गावाची. मी उभा राहिलो. पाटलांच्या भावकीतला एक जण लगबगीनं आला आणि अगदी मायेनं म्हणाला, "तू तुज्या बापाबरोबर बस की रं, वाजंत्र्यांच्या पंगतीला." मी गेलो आणि बसलो. समोर आबा, शेजारी सनईवाला. आबा खूश होते. माझ्या पानात आपल्या पानातली जिलबी टाकत म्हणाले, "पोटभर जेव. आपला मान हाय ह्यो." गोड जिलबी मला कडू लागली.

आठ दिवसांनी फोटो घेऊन गेलो. पाटलांनी एकेक फोटो उन्हात धरून बघितला, बायकांना आत दाखवायला पाठवला, "झ्याक" म्हणाले. मग गड्याला हाक मारली. मला वाटलं, आता पैसे येणार. गडी दोन पोती कांदे घेऊन आला. वर नारळ आणि एक टोपी.

"तुज्या बापाला एक पोतं देतो. तू शिकल्याला, म्हून दोन."

आणि मी काय करावं? मी वाकून रामराम घातला! लाज कोळून प्यायलो होतो, दुसरं काय. पाटलांच्याच छकड्यातून कांदे पिंपरीला आले, गाडीवानाच्या शेजारी मी, डोक्याला ती टोपी. वाटभर ती काढून फेकायचंही मला सुचलं नाही.

दुकानात जागा नव्हती, म्हणून पोती अंधारखोलीत ठेवली. एकट्या माणसाला दोन पोती कांदे! अम्माला म्हटलं, हवे तेवढे घ्या.

"भाव बोल."

"भाव कसला अम्मा, घ्या ना असेच."

"मुफ्त का मैं नहीं लेती. भाव बोल, अभी लेती हूँ."

कांद्याचासुद्धा भाव मला सांगता येईना! चाकणला शेंबडं पोरही सांगेल तो भाव. अम्मानं माझ्याकडे असं बघितलं, की मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग ते कांदे सडले. कोंदट खोली, पाण्याचे ट्रे, वारा नाही. आधी खालचे मऊ पडले, मग पोत्यातून काळं पाणी झिरपायला लागलं. तो वास! फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास आणि त्यात कुजक्या कांद्याचा. डोळ्यांतून पाणी यायचं, अंगाला, अंथरुणाला, फोटोच्या कागदालासुद्धा तो वास लागला. एका पोरानं गावाकडून येऊन विचारलं, "भाऊ, माझ्या आईनं विचारलंय, फोटोला कांद्याचा वास का येतो?" मी पोती फेकून द्यायला हवी होती. पण फेकली नाहीत. रोज त्या वासात काम करायचं आणि रोज पाटलाला मनातल्या मनात शिव्या मोजायच्या, हा माझा परिपाठ झाला. राग जपायला मला तो वास बरा पडत होता. किती किळसवाणं हे, आता सांगताना कळतं.

दोन महिन्यांनी पाटील पुन्हा दारात. डोक्यावर नुकते उगवलेले खुंट. थोरले पाटील गेले होते.

स्टुलावर बसत ते म्हणाले, "दादांचा एकबी फोटू न्हाई घरात. त्यो मांडवातला तेवढा हाय. त्येच्यातनं दादांना एकल्याला काडून मोठा करून दे. भितीवर लावाया. मासिक घालायचं हाय, त्येच्या आत पायजे." मग आवाज उतरवून, "तंबाखूचा गाल जरा बसीव. आन् डोळा... डोळा उगडता यील का रं?"

त्या फोटोची मूळ काच माझ्याकडे होती. जगात थोरल्या पाटलांचं तोंड एकाच ठिकाणी होतं, माझ्या अंधारखोलीत, त्यांच्याच कांद्यांच्या शेजारी.

"येईल," मी म्हणालो.

"काय घेशील?"

बाहेर अम्मा कुणाला तरी ठणकावत होती, "चार आना!" आतून तो वास येत होता. माझं तोंड उघडलं आणि मला आधी वाटलं, तेच दोन शब्द बाहेर पडणार.

"पंचवीस रुपये."

बोललो! बोललो आणि टेबल घट्ट धरलं. आता हा माणूस उठेल, माझा बाप काढेल, गावात पाय ठेवू नकोस म्हणेल. मीही तयार होतो. दोन महिने पाठ केलेल्या शिव्या ओठांवर होत्या.

"डोळ्यासकट?" पाटलांनी विचारलं.

"डोळ्यासकट."

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. झालं. एवढंच. मी नोटांकडे बघतच राहिलो. मग मला राहवलं नाही.

"पाटील, मग लग्नाला कांदे का दिलेत?"

त्यांना खरंच नवल वाटलं. "मग काय द्याचं हुतं? मी इचारलं, तू बोलला न्हाईस. मला फोटूचा भाव कुटं ठाव? मला तुज्या बापाचा भाव ठाव हुता, त्यो दिला." पायताण घालता घालता नाकाला उपरणं लावत ते म्हणाले, "आन् ह्यो कसला घाण वास मारतोय रं तुज्याकडं?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. तेच तर! खोट असती तर किती बरं झालं असतं. दोन महिने ज्या माणसाला मी राक्षस करून ठेवलं होतं, तो साधा कांद्याचा व्यापारी निघाला. त्याला भाव सांगितला, त्यानं भाव दिला. सांगितला नाही, तेव्हा माझा बाप बघून दिला. मग शिव्या द्यायच्या कुणाला? त्या दिवशी मला जगाची जेवढी शिसारी आली, त्याच्या दुप्पट स्वतःची आली.

संध्याकाळी पोती ओढून बाहेर काढली. तळ फाटला आणि सगळा लगदा जमिनीवर पसरला. काळा, बुळबुळीत, अळ्या वळवळणारा. हातांनी भरला, उकिरड्यावर टाकला, सहा बादल्या पाण्यानं खोली धुतली. ओकारी येत होती तरी धुतली. अम्मा दारात नाकाला पदर लावून उभी होती. "कितने में दिया?" तिनं विचारलं. पंचवीस सांगितल्यावर म्हणाली, "कम बोला." आणि मला चार पापड दिले. चार आणे घेऊन.

मग थोरल्या पाटलांचं काम घेतलं. तोंड मोठं केलं, गाल बसवला, तंबाखूचा डाग पुसला. राहिला डोळा. बघून काढायला दुसरा फोटो नव्हता. उघड्या डोळ्याची नक्कल करून मिटलेल्या जागी उतरवली तर म्हातारा बावळट दिसू लागला. ती नजर थोरल्या पाटलांची नव्हती. तीन रात्री मी पेन्सिल आणि बारीक ब्रश घेऊन बसलो. चौथ्या दिवशी मला खळं आठवलं. बाजेवरून पोत्याच्या तोंडाकडे बघणारी ती अर्धी झाकलेली, थंड नजर. तीच काढली, दोन्ही डोळ्यांत. फोटो असा जिवंत झाला की माझं मलाच कसंतरी झालं. पुण्याच्या मालकालाही जमला नसता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आणि ते वाटायला तोच डोळा कामी यावा, यापरीस घाण दुसरं काय असेल!

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आले. महाळुंग्याहून पायी, काखेत हत्यारांची धोकटी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. पाणीसुद्धा न पिता त्यांनी सुरुवात केली.

"तू पाटलास्नी पंचवीस रुपयं सांगितलंस? त्वांडानं?"

"मग काय आबा, ताशा वाजवून सांगू?"

"चेष्टा करू नगंस! दाडी करताना त्येंनी सोता सांगितलं मला. वस्तरा हातात हुता माज्या, त्यो खाली ठिवला. आरं, तीन पिढ्या आपुन त्या दारात कदी त्वांड उगाडलं न्हाई. मी म्हनलं, मालक, पोराला अक्कल न्हाई, पैसं माघारी आनून देतो."

"मग?"

आबा अडखळले. "पाटील म्हनले, ऱ्हाऊ दे. काम केलंय, पैसं घेतलं. त्यात काय."

एवढं बोलून ते वळले आणि त्यांना भिंतीशी टेकवलेला फोटो दिसला. आबा जागच्या जागी थांबले. मग त्यांनी वहाणा काढल्या, दोन पावलं मागं सरले आणि वाकून त्या कागदाला रामराम घातला. "रामराम, मालक." मेलेल्या माणसाच्या कागदापुढं माझा बाप वाकला होता, आणि ज्या डोळ्याला तो वाकला होता तो मी पेन्सिलीनं काढला होता.

ते स्टुलावर बसले, मागे ती बाग आणि तो जिना. धोकटीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. मग फोटोकडे बघतच, माझ्याकडे नाही, हळूच म्हणाले,

"न्हाई, म्हंजी आपलं इचारतो. चाळीस वर्सं झाली. वर्साला दोन पायल्या जास्ती द्या, आसं मी म्हनलो असतो... दिल्या असत्या व्हय रं ह्येंनी?"

दिल्या असत्या. नसत्या कशाला? कदाचित पहिल्याच वर्षी दिल्या असत्या. पाटलाचे शब्द माझ्या कानात होते, तू बोलला न्हाईस. तेवढं एक वाक्य आबांना सांगितलं की काम भागलं असतं. चाळीस वर्षं त्यांच्यापुढं उलगडली असती, एकेक पोतं, एकेक उपाशी श्रावण, औषधावाचून गेलेली माझी आई. माझ्या तोंडाशी आलं होतं ते.

"छे हो आबा," मी म्हणालो. "ह्यांनी? लाथ घातली असती. बलुतं बंद केलं असतं."

आबांनी केवढा तरी सुस्कारा सोडला. खांदे सैल झाले, तोंडावर रंग आला. "त्येच म्हनतो मी," ते म्हणाले, "लई कडक मानूस. बरं झालं बोललो न्हाई." मग पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले, मिशा पुसल्या आणि उठून फोटोच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"डोळा मातर झ्याक काडलास," ते कौतुकानं म्हणाले. "आपल्या पोत्याकडं बगायचे न्हवं, अक्षी तस्साच."